हनुवटीवरचे केस कायमचे जातील का?

प्रश्न : ताई, मी डिचोलीची, वय २४, नोकरी पणजीला. दोन वर्षं झाली हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड काळे केस येतायत, आधी दोन-चार होते तर प्लकरने उपटायचे, आता दर आठवड्याला थ्रेडिंग लागतं आणि तिथे पुळ्या येऊन काळे डाग पडलेत. आई म्हणते बेसन-हळद चोळ, पार्लरवाली म्हणते लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज घे, परमनंट जातात. डिसेंबरात लग्न आहे माझं. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते पण ती कॉलेजपासून तशीच आहे, त्याचं काही नाही. घेऊ का पॅकेज?

उत्तर : अगं, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तूच 'त्याचं काही नाही' म्हणून झटकून टाकलंस! पाळी लांबते आणि हनुवटीवर पुरुषांसारखे राठ केस येतात, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय पीसीओएसचा, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाचा. असेलच असं नाही, थायरॉईड, प्रोलॅक्टिनही बघावं लागतं, पण बघायला हवंच. तेव्हा पॅकेजचे पैसे भरायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, रक्ताच्या तपासण्या आणि लागली तर सोनोग्राफी करून घे, बाहेर परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत दाखव, एक दिवस रजा जाईल, जाऊ दे. हार्मोन तसेच राहिले तर लेझरने जुने केस जातील आणि शेजारून नवे येत राहतील, म्हणजे सहा सिटिंगनंतर परत सहा सिटिंग. गोळ्या दिल्या तरी केसांवर फरक दिसायला सहाएक महिने लागतात, आणि डॉक्टरना लग्नाचं आठवणीने सांग कारण यातल्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

आता 'परमनंट'बद्दल. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो, त्याची उष्णता मुळाला लागते, पण त्या वेळी जे केस वाढीच्या टप्प्यात असतात तेच सापडतात, बाकीचे झोपलेले असतात, म्हणून चेहऱ्याला दर चार ते सहा आठवड्यांनी परत जावं लागतं. केस खूप कमी होतात, बारीक होतात, वर्षातून एखादं सिटिंग लागू शकतं. शंभर टक्के साफ आणि जन्मभराची खात्री, असं जो सांगतो त्याला फक्त पॅकेज विकायचंय.

आणि रंग काय फक्त केसातच असतो का, आपल्या कातडीतही असतोच. सावळ्या त्वचेवर चुकीचं मशीन किंवा चुकीचं सेटिंग पडलं की चट्टे राहतात, म्हणून मशीन कोणतं ते विचार, १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग आपल्या रंगाला त्यातल्या त्यात सुरक्षित, डायोडही जाणत्या हातात चालतं. त्वचारोगतज्ज्ञाकडेच कर, आधी छोट्याशा जागेवर टेस्ट करायला लाव. क्वचित चेहऱ्यावर लेझरने आजूबाजूची लव उलट वाढते, ते दिसलं तर लगेच सांग, पुढचं सिटिंग मुकाट्याने घेऊ नको. आपल्याकडचं ऊन बघता मिरग लागल्यावर सुरू केलेलं बरं, टॅन झालेल्या कातडीवर लेझर नको. पण जूनला सुरू केलंस तरी डिसेंबरपर्यंत जेमतेम सहा होतील हं, तेव्हा फोटोत अगदी गुळगुळीत दिसायची आशा धरू नको.

सिटिंग चालू असेपर्यंत थ्रेडिंग, प्लकर, वॅक्स बंद, मूळच उपटलंस तर लेझर पकडणार काय? मधल्या काळात रेझर वापर. दचकू नको, रेझरने केस दाट होत नाहीत, टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला राठ लागतं एवढंच. थ्रेडिंग थांबलं की पुळ्याही कमी होतील. आणि बेसन-हळदीने रविवारी चेहरा उजळल्यासारखा वाटेल, केस जाणार नाहीत, आईला सांगायचं तर जपून सांग.

प्रश्न : वय ५६, फोंडा. हनुवटीवर पाच-सहा पांढरे केस येतात, सुनेने लेझर सुचवलं.

उत्तर : काकी, पांढऱ्या केसात रंगच नाही, लेझर पकडणार कशाला, पैसे वाया. तुमच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज देतात, केस कोणत्याही रंगाचा चालतो आणि कायमचा जातो म्हणावं असं खरं तर हेच एक. फार जुनं आहे हे, १८७५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीचे आत वळलेले केस काढायला वापरलं होतं. थोडं टोचतं, वेळ खातं, पूर्ण पाय करायचा म्हटला तर वेड लागेल, पण पाच-सहा केसांना उत्तम. मधुमेह किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. आणि कटकट नको असेल तर घरातली छोटी कात्री आहेच की.