नाटकाआधी नारळ कशासाठी?

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाच्या प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ फोडला जातो. नाटक ही करमणूक असताना हा धार्मिक विधी कशासाठी? – एक वाचक, सांगली

उत्तर : याचे उत्तर आपल्याच गावात आहे. कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे खेळ मराठीत करण्यास विष्णुदास भावे यांना सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगले. त्या खेळांत सूत्रधाराचे मंगलाचरण आणि विदूषकाशी होणारा त्याचा थट्टेचा संवाद झाल्यावर गणपती प्रकट होई, मागोमाग मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येई, आणि मगच आख्यान सुरू होई. म्हणजे पूजा नाटकाआधी नव्हे, नाटकातच होती, आणि तीही विदूषकाच्या साक्षीने! भरताच्या नाट्यशास्त्रातील पूर्वरंग, म्हणजे प्रयोगाच्या आरंभी रंगमंचावर होणारा वंदनविधी, तोही याच जातीचा. पुढे संगीत नाटकांत नांदी टिकली; कथानके सामाजिक झाली तशी पूजा बंद पडद्यामागे सरकली, असे मला वाटते. तेव्हा आपल्या मंडळाचा नारळ परंपरेला धरूनच आहे. मात्र श्रद्धा नसलेल्या नटाला त्यासाठी आग्रह करू नये.