लायसन्सचा हिशेब हेही नेटवर्क इंजिनिअरचेच काम

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा पदविका आणि सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची पायाभूत परीक्षा) पूर्ण करून सात महिन्यांपासून पुण्यातील एका सिस्टिम इंटिग्रेटर (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे ग्राहकाकडे जोडून देणाऱ्या) कंपनीत प्रशिक्षणार्थी आहे. चाकणच्या एका कारखान्यासाठी रिमोट अ‍ॅक्सेस व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून कारखान्याच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित जोडणी देणारे, उपकरण सुचवून लायसन्सच्या खर्चाचा तुलनात्मक तक्ता करण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. तीन आठवडे झाले तरी तो तक्ता पुरा होत नाही आणि ‘शिकलो नेटवर्क, करतोय मुनीमगिरी’ असे म्हणत तो नोकरी सोडायला निघाला आहे. एथिकल हॅकिंगच्या (मालकाच्या परवानगीने नेटवर्कमधील कच्च्या जागा शोधण्याच्या) अभ्यासक्रमासाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून दीड लाख रुपये काढावेत का, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, हे पैसे आज काढू नयेत आणि हाती आलेले काम मुलाने पूर्ण करावे. ज्याला तो मुनीमगिरी म्हणतो, ते त्याच्या व्यवसायातील अत्यंत जबाबदारीचे आणि फार थोड्यांना नीट येणारे काम आहे.

कर्मचारी घरून किंवा प्रवासातून कारखान्याच्या सर्व्हरवर काम करतो, तेव्हा त्याचा लॅपटॉप आणि कारखान्यातील फायरवॉल (नेटवर्कच्या दाराशी ये-जा तपासणारे उपकरण) यांच्यात एक कूटबद्ध मार्ग, म्हणजेच व्हीपीएन, तयार होतो. फायरवॉल विकत घेतली म्हणजे या मार्गाचेही पैसे भरले, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनी वेगळी गोष्ट मोजते आणि मुलाचा गोंधळ नेमका येथेच होत असणार. सिस्कोच्या सिक्युअर क्लायंट या व्हीपीएन सॉफ्टवेअरचे, म्हणजे पूर्वीच्या एनीकनेक्टचे, अ‍ॅडव्हांटेज आणि प्रीमियर हे प्रकार व्हीपीएन वापरू शकणारी एकूण माणसे मोजतात, तर त्याच कंपनीचे ‘व्हीपीएन ओन्ली’ लायसन्स एका वेळी जोडलेली कनेक्शन मोजते आणि ते एकाच उपकरणापुरते असते. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलवर साध्या व्हीपीएनसाठी माणशी लायसन्स लागत नाही. तेथे मर्यादा येते ती उपकरणाच्या क्षमतेची, आणि खर्च येतो तो सपोर्ट कराराचा, म्हणजे मदत आणि नव्या आवृत्त्या मिळत राहाव्यात यासाठीच्या कराराचा. पालो आल्टो कंपनीच्या ग्लोबलप्रोटेक्ट या व्हीपीएन सुविधेत विंडोज आणि मॅक लॅपटॉपची साधी जोडणी वेगळ्या लायसन्सशिवाय चालते. पण मोबाइलवरून जोडायचे असेल, किंवा लॅपटॉपवर अँटिव्हायरस चालू आहे की नाही हे तपासूनच आत घ्यायचे असेल, तर प्रत्येक फायरवॉलसाठी वेगळे लायसन्स घ्यावे लागते.

यातील ‘प्रत्येक फायरवॉलसाठी’ हे शब्द मुलाने अधोरेखित करून ठेवावेत. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी स्वतः नेटवर्कच्या विक्रीपूर्व (विक्रीआधी ग्राहकाला योग्य उपकरणे सुचवणाऱ्या) विभागात काम करत होतो. एका ग्राहकाला मी दोन फायरवॉलची जोडी सुचवली, एक बंद पडली तर दुसरीने काम उचलावे म्हणून. पण कोटेशनमध्ये लायसन्स एकाच फायरवॉलचे धरले. ऑर्डर आली, माल पोहोचला, आणि जोडणीच्या दिवशी दुसऱ्या फायरवॉलच्या स्क्रीनवर लायसन्सच्या रकान्यापुढे काहीच नव्हते. फरकाची रक्कम आमच्या कंपनीला सोसावी लागली. ती ओळ मी कशी सुटू दिली, याचे वाईट मला आजही वाटते, आणि म्हणूनच आपल्या मुलाला हे काम शिकायला मिळते आहे याचे मोल मला कळते.

आता त्याच्या तक्त्याविषयी. आपण लिहिल्याप्रमाणे कारखान्यात १४० कर्मचारी आहेत, त्यांपैकी ६० जणांना बाहेरून जोडायची मुभा आहे, आणि एका वेळी फार तर ४० जण जोडलेले असतात. म्हणजे एकाच गरजेसाठी एक लायसन्स ६० मोजेल, दुसरे ४० मोजेल आणि तिसरीकडे काहीच मोजले जाणार नाही. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी समजा, पहिल्या पर्यायात उपकरण ३,००,००० रुपयांचे असून सपोर्टचे वर्षाला ४५,००० रुपये आहेत. दुसऱ्यात उपकरण १,८०,००० रुपयांचे आहे आणि माणशी वर्षाला १,५०० रुपये लायसन्स आहे. पहिल्या दिवशी दुसरा पर्याय १,२०,००० रुपयांनी स्वस्त दिसतो. पाच वर्षांचा हिशेब मांडला, तर पहिला ५,२५,००० रुपयांना पडतो आणि दुसरा ६,३०,००० रुपयांना. तिसऱ्या वर्षापासून माणसे ६० वरून १०० झाली, तर दुसरा ८,१०,००० रुपयांवर जातो. पहिला तेथेच राहतो, मात्र ते उपकरण शंभर जणांचा भार पेलणारे असले पाहिजे. यावर १८ टक्के जीएसटी येतो तो वेगळा. मुलाने तक्त्यात खरेदीच्या किमतीचा एकच रकाना केला असेल, तर त्याजागी पाच वर्षांचे पाच रकाने करावेत. अर्धा गुंता तेथेच सुटेल.

हिशेब कागदावर बरोबर असूनही परिस्थिती उलटते, हे मार्च २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि तोवर थोड्याच लोकांसाठी व्हीपीएन ठेवणाऱ्या कंपन्यांना जवळजवळ सगळ्यांना घरून जोडावे लागले. एका वेळच्या कनेक्शनवर लायसन्स घेतलेल्यांची मर्यादा भरून गेली. सिस्कोसारख्या कंपन्यांनी त्या काळात तात्पुरती मोफत लायसन्स दिली. म्हणून ‘सगळे १४० जण एकाच दिवशी जोडले तर काय होईल?’ हा प्रश्न तक्त्यात असलाच पाहिजे.

सपोर्टचे नूतनीकरण वगळून किंमत कमी दाखवण्याचा मोह विक्री विभागाला होतो, आणि तेथे इंजिनिअरने ठाम राहायला हवे. व्हीपीएनचे उपकरण इंटरनेटच्या तोंडावर उभे असते. पल्स सिक्युअर या व्हीपीएन उत्पादनातील २०१९ ची त्रुटी असो की इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतील जानेवारी २०२४ मध्ये उघड झालेल्या त्रुटी, हल्लेखोर अशाच दारांतून आत शिरले. सपोर्ट करार संपला की नव्या आवृत्त्या मिळणे सहसा थांबते, आणि दुरुस्ती न झालेले उपकरण फुकट मिळाले तरी महागच पडते. कधी सुविधाच बदलते: फोर्टिनेटने फोर्टिओएस या आपल्या फायरवॉलच्या प्रणालीच्या ७.६.३ आवृत्तीत एसएसएल व्हीपीएनची टनेल ही जोडणीची पद्धत काढून टाकली आणि ती वापरणाऱ्यांना आयपीसेक या दुसऱ्या पद्धतीकडे वळावे लागले. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे उपकरणातील वापराच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात, तेव्हा त्या साठवणुकीचा खर्चही तक्त्यात धरावा.

ओपीएनसेन्स (मुक्त फायरवॉल प्रणाली) किंवा वायरगार्ड (मुक्त व्हीपीएन) यांना लायसन्सचे शुल्क नसते, हे मुलाने आपल्याला सांगितले आहे आणि ते खरे आहे. वायरगार्ड तर मार्च २०२० पासून लिनक्सच्या मूळ गाभ्यातच आहे. पण तेथे लायसन्सचा पैसा जाणकार माणसाच्या पगारात जातो; कारखान्यात असा माणूस नसेल, तर तो पर्याय सुचवताना ही गोष्ट स्पष्ट लिहावी. घरी सराव करण्यासाठी मात्र ही दोन्ही साधने उत्तम आहेत. जुन्या लॅपटॉपवर ती बसवून स्वतःच्या फोनवरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरून पाहिले, की व्हीपीएनची किल्ली, मार्ग आणि परवानगी या तिन्ही गोष्टी त्याच्या हाताखालून जातील.

एथिकल हॅकिंगची आवड मी नाकारत नाही. परंतु ज्याला नेटवर्कचे दार कसे बांधतात हे नीट कळले आहे, त्यालाच ते कोठे कच्चे आहे हे दिसते. येथे आणखी वर्ष-दीड वर्ष काढून, फोर्टिनेटचे विनाशुल्क स्वयंअध्ययनाचे अभ्यासक्रम आणि नंतर जमल्यास सीसीएनपी सिक्युरिटी ही सिस्कोची वरच्या पातळीची परीक्षा, असा क्रम ठेवला तर विक्रीपूर्व अभियंता आणि पुढे सोल्युशन आर्किटेक्ट (संपूर्ण रचना आखणारा) ही वाट त्याच्यासाठी खुली राहते. तेव्हाही ओढ टिकून असेल, तर तो स्वतःच्या पगारातून तो अभ्यासक्रम करू शकेल आणि आपल्या निधीला हात लावावा लागणार नाही.

या आठवड्यात त्याने वरिष्ठांच्या परवानगीने कारखान्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: तीन वर्षांनी किती जण बाहेरून जोडतील, त्यांत मोबाइलवरून किती असतील, आणि फायरवॉल एक हवी की जोडी. उत्तरे आल्यावर त्याने तक्ता नव्याने मांडावा आणि ग्राहकाचे नाव व खरे दर काढून टाकून माझ्याकडे पाठवावा. मी तो ओळ न् ओळ तपासून परत पाठवीन.

आपला,
करिअर समुपदेशक