केटलचा खार आणि कपांचे डाग

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यात राहतो, घरात बोअरचंच पाणी. सासऱ्यांना सकाळी कोमट पाणी लागतं म्हणून मुलाने स्टीलची इलेक्ट्रिक केटल आणली. वर्षाच्या आत तळाला पांढरा, खडबडीत थर बसलाय आणि पाण्यात पापुद्रे तरंगतात. तारेच्या घासणीने ओरखडे पडले, थर जागचा हलला नाही. मोबाइलवर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायला सांगतात. टाकू का? आणि या पाण्याने मुतखडा होतो का?

उत्तर : टाकू नका, ताई. फेस झकास येतो, पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांची ताकद मारतात, थराला लागायला काही उरतच नाही. तारेची घासणीही आता बाजूला ठेवा.

आपल्याकडे तुरीची डाळ शिजेना की म्हाताऱ्या बाया ‘पानी जड शे’ म्हणून मोकळ्या होतात. तेच जड पाणी तापलं की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाला चिकटतो. त्याला आंबटच लागतं.

किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्याला पोहे खायचे दोन चमचे घ्या. थर बुडेल इतकं भरून केटल चालू करा आणि उकळी फुटायच्या आत बंद करून प्लग काढा. झाकण उघडून कान दिलात तर चुरचुर ऐकू येईल, तळातून बारीक बुडबुडे निघताना दिसतील. ती चुरचुर थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, हात लावू नका. खळखळ उकळायचं मात्र नाही. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियमचं जे मीठ होतं ते गरम पाण्यात कमी विरघळतं. ते पांढऱ्या भुकटीसारखं खाली बसतं आणि बाईला वाटतं, थर गेलाच नाही. तुमचा थर वर्षाचा आहे, एका खेपेत जाणार नाही. पहिलं पाणी ओतून नवं करा, जुन्यातला जोर संपलेला असतो. सुटलेल्या खपल्या लाकडी चमच्याने हलवल्या तरी निघतात. तोटीची जाळी निघत असेल तर वाटीभर त्याच पाण्यात बुडवून ठेवा. शेवटी साधं पाणी दोनदा उकळून फेकून द्या.

केटल नळाखाली धरून धुऊ नका, बुडाला वीज जोडायची जागा असते. आणि संडास साफ करायचं ॲसिड? चुकूनही नाही. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते स्टीलला खड्डे पाडतं. ब्लीचचं पाणी तर कुठल्याच आंबटात मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

थर पातळ असताना पिळलेल्या लिंबाची सालं पाण्यात उकळली तरी भागतं. चैत्र-वैशाखात लिंबाचा भाव बघता आख्खी लिंबं केटलमध्ये पिळायला मी तरी सांगणार नाही. रात्री उरलेलं पाणी ओतून केटल कोरडी ठेवलीत तर खार बसायचा वेग बराच कमी होतो.

चार पापुद्रे पोटात गेले म्हणून घाबरू नका, तो कॅल्शियमच आहे. मुतखड्याचं म्हणाल तर खान्देशातल्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणं जास्त महागात पडतं. ज्यांना आधी खडा झालाय, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या.

प्रश्न : लिंबूसत्वाने केटल चकचकीत झाली, पण पांढऱ्या कपांचे तपकिरी डाग तसेच आहेत. असं का? *(वाचक, अमळनेर)*

उत्तर : कारण तो खार नव्हे, चहाचा टॅनिन आहे. इथे सोडा लागतो. ओल्या बोटावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन कपाच्या आत फिरवा, डाग बोटाखाली सुटतो. सोनेरी काठाला मात्र लावू नका. स्टीलची गाळणी काळी पडली असेल तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवा. ॲल्युमिनियमच्या चहाच्या पातेल्याला सोडा दाखवायचासुद्धा नाही, काळं ठिक्कर पडतं. केटलमध्ये दूध तापवणाऱ्यांचा करपलेला थरही नुसत्या आंबटाने जात नाही. आधी सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून दूध काढा, मग खाराकडे वळा. आणि मुळात केटलमध्ये दूध तापवूच नका.

प्रश्न : माठात तुरटी फिरवली तर केटलमध्ये खार बसणार नाही ना? *(वाचक, शिरपूर)*

उत्तर : बसेल. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार पाण्यातच राहतो. पावसाळ्यात तापीचं लाल पाणी आलं तर फिरवा. काचेसारख्या स्वच्छ बोअरच्या पाण्यात फिरवून नुसती तुरटी झिजेल.