कपाटातला लॅपटॉप आणि चार मायक्रोसेकंद

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गुण चांगले. पण महिनाभर लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका ड्रायव्हरमधल्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधल्या, बगला चिकटून बसली आहे. मुलाखतींचा सराव बंद, तुम्ही लावून दिलेला एआयचा कोर्स दुसऱ्या धड्यावर अडकलेला. ‘हिला यातून बाहेर कसं काढू?’ असं विचारता.

गुणांची मला काळजी नाही. खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य: रात्री दहाला तुम्ही तिचा लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवता. त्याच्याच वर तिची ‘सबब’ दिली आहे, की मशीन सात-आठ तास सलग चाललं तरच तो बग येतो. म्हणजे बग सापडत नाही म्हणून लॅपटॉप कपाटात, आणि लॅपटॉप कपाटात म्हणून बग सापडत नाही! वीस वर्षांच्या मुलीची वस्तू अशी काढून घेणं मला एरवीही पटलं नसतं. इथे तर तुम्ही तिचा चालू प्रयोगच रोज रात्री मोडताय.

तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरमधले, म्हणून लिहिता, ‘दोन-चार प्रिंट टाकले की कळतं, आम्ही तसंच करायचो.’ एका धाग्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला ते चालतं. तिचा बग प्रोसेसरच्या दोन कोअरच्या शर्यतीतला आहे: दोन्ही एकाच वेळी काम करतात, आणि आधी कोण पोचतो यावर चूक घडते की नाही ते ठरतं. कर्नलचा संदेश ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) सिरियल कन्सोलवर, म्हणजे एकेक बिट पाठवणाऱ्या संथ जोडणीवर, जात असेल, तर ८० अक्षरांची एक ओळ जायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या कोअरची दोन कोटी आवर्तनं होतात. ज्या कोअरने छापलं तो मागे पडतो, शर्यतीची वेळ चुकते आणि बग गायब. प्रिंट काढला की पुन्हा हजर. म्हणून तर कर्नलमध्ये काय कधी घडलं याची नोंद ठेवणारी एफट्रेससारखी साधनं आली. एफट्रेस २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ पासून कर्नलमध्येच आहे. त्यात प्रत्येक कोअर आपापल्या मेमरी बफरमध्ये नोंद करतो, दुसऱ्यासाठी थांबत नाही. नोंदी नंतर वेळेनुसार एकत्र लावायच्या.

‘हे असलं बघत बसते’ म्हणून तुम्ही जोडलेला तिच्या एफट्रेस नोंदींचा स्क्रीनशॉट मात्र मी मोठा करून पाहिला (सहा वर्षं ड्रायव्हर लिहिलेत, सवय जात नाही). कोअर १ वर ड्रायव्हर बंद होताना मेमरी मोकळी करतो. चार मायक्रोसेकंदांनी कोअर ३ वरचा इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक दिली की धावणारा कोड) त्याच, मोकळ्या झालेल्या पत्त्याला हात लावतो. तिने दोन्ही ओळींना लाल खूण केली आहे. तक्रारीचा पुरावा म्हणून तुम्ही जे पाठवलंत, त्यात बहुतेक बगच आहे.

बहुतेक म्हणतो, कारण एफट्रेसचं घड्याळ बदललं नाही तर ‘लोकल’, म्हणजे ज्या-त्या कोअरचं, असतं. ते जलद असतं, पण दोन कोअरची घड्याळं तंतोतंत जुळतीलच असं नाही. चार मायक्रोसेकंदांच्या फरकावर आधी कोण आणि नंतर कोण हे त्यावरून ठरवू नये. त्याऐवजी निवडता येणारं ‘ग्लोबल’ घड्याळ थोडं हळू, पण कोअर-कोअरमध्ये जुळवलेलं.

नोकरीचं म्हणाल, तर वेबच्या मानाने या कामाच्या जागा कमी, हे खरं. पण प्रोसेसर, फोन, मोठे सर्व्हर बनवणाऱ्यांना अशी माणसं लागतातच. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा पहिला प्रश्न असायचा, सगळ्यात चिवट बग कसा पकडलास? पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यायची तर द्यावी, तिची वाट त्यावर अडलेली नाही. एआयचा कोर्स सध्या राहू द्या.

तिचंही चुकतंय. महिनाभर एकटीने झुंजायचं नसतं; ट्रेस (त्या नोंदी) आणि बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या लिहून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पाठवायला हव्या होत्या. सरावालाही रोज तासभर द्यायलाच हवा.

आज रात्री लॅपटॉप चालू राहू द्या. घड्याळ ग्लोबलवर ठेवून काय दिसलं ते तिने मला कळवावं. तिनेच, तुमच्यामार्फत नको.