पोलीस नाहीत, मग कायदा कसला?

प्रश्न : लॉच्या दुसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय कायदा आहे. आजोबा हसतात, "पोलीस नाहीत, मग कायदा कसला?" सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ आधी वाच, आंतरराष्ट्रीय कायदा कुठून येतो ते त्यात आहे : करार, रूढी (कायदा म्हणून पाळली जाणारी वहिवाट), सर्वमान्य तत्त्वं; निवाडे नि विद्वानांची मतं दुय्यम. मग थेट १९६० चा पोर्तुगाल विरुद्ध भारत निवाडा घे. दादरा-नगर हवेली, म्हणजे आपल्या शेजारचंच! दमण नि हा भाग तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यातले, मधला मुलूख भारताचा; त्यातून दमणहून तिथं जायची वाट पोर्तुगाल मागत होतं. न्यायालयानं सांगितलं : खासगी माणसं, मुलकी अधिकारी नि सर्वसाधारण माल यांना रूढीनं वाट होती, सैन्याला नव्हती, आणि १९५४ मध्ये ती अडवून भारतानं कर्तव्यभंग केला नाही. रूढी दोनच देशांतही तयार होते, हे इथं लख्ख दिसतं. आजोबांना सांग, पोलीस नसूनही भारत हा खटला लढला. जाडजूड पाठ्यपुस्तक नंतर. न्यायाधीशांची भिन्नमतं मात्र चुकवू नकोस, खरी मजा तिथंच आहे.