'आईनंच मारलं असेल' म्हणतात, माझी मुलगी परत कशी आणू?

प्रश्न : वकीलताई, आम्ही विट्याजवळच्या गावातले. आमचे मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, कोइमतूरला असतात, घरी मी, सासूबाई आणि चौदा महिन्यांची मुलगी. पंधरा दिवसांपूर्वी ती पलंगावरून पडली, उंची काय जास्त नव्हती तरी मांडीचं हाड मोडलं. सांगलीला खाजगी दवाखान्यात नेलं तर एक्स-रेमध्ये हाताचं जुनं, भरून आलेलं फ्रॅक्चरपण दिसलं, ते मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं आणि बालकल्याण समितीनं मुलीला संस्थेत ठेवलंय, आज नववा दिवस. भेटायला गेले की पदर सोडत नाही. पोलीस म्हणतात जबाब द्या. भावकीतले एकजण म्हणतात पैसे देऊन मिटवा. गावात तर सरळ 'आईनंच मारलं' बोलतात. माझ्या भावाचापण लहानपणी तीनदा हात मोडलेला, सगळे म्हणायचे पोरगं वांड आहे. मला कायदा काहीच कळत नाही, काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा भावाच्या त्या ओळीवर अडकले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. काही घराण्यांत हाडं जन्मतःच ठिसूळ असतात, डॉक्टर त्याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, ते आईकडून किंवा बापाकडून येऊ शकतं आणि साध्या पडण्यानं, कधी कधी नुसतं उचलताना हाड मोडतं. अशा काही मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. मुडदूस असला, म्हणजे ड जीवनसत्त्वाची फार कमतरता असली, तरी हाड कच्चं राहतं. तुमच्या मुलीला हेच आहे असं मी म्हणत नाहीये, ते डॉक्टरच सांगतील, पण तपासायला तर पाहिजे ना! समितीला लेखी अर्ज द्या की मुलीची हाडांच्या आजारासाठी तपासणी व्हावी, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि गरज पडली तर जनुकीय चाचणी, आणि मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर दोघांचं मत घ्यावं. भावाचे जुने एक्स-रे, प्लास्टरची चिठ्ठी, काहीही सापडलं तर जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट.

त्या दवाखान्यावर राग धरू नका. लहान बाळाची दोन फ्रॅक्चर, त्यातलं एक जुनं आणि घरच्यांना माहीत नाही, असं दिसलं की कळवणं त्यांचं कामच आहे. तिथं जाऊन भांडलात तर तेच कागदावर येईल.

आता कायदा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाला मारणं, टाकून देणं, जाणूनबुजून हयगय करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. हयगय म्हटली की ती 'जाणूनबुजून' केलेली लागते, आणि मारलं म्हटलं तर मारल्याचा पुरावा लागतो. पडल्यावर तुम्ही लगेच दवाखान्यात नेलंत, ही साधी गोष्ट तुमच्या बाजूची आहे, म्हणून किती वाजता पडली, किती वाजता निघालात, कुठल्या गाडीनं, घरात कोण होतं हे सगळं आजच, आठवतंय तोवर, वहीत लिहून काढा. माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरण, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, जुने कागद गोळा करा. बाळाच्या कुल्ल्यांवर, पाठीवर जन्मापासून निळसर डाग असतील तर तेही सांगा, आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतात आणि मुका मार वाटतात.

बालकल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पण ती तुम्हाला शिक्षा करायला बसलेली नाही, मुलगी कुठं सुरक्षित राहील एवढंच ती बघते, गुन्हा झाला की नाही ते कोर्ट ठरवतं, हा फरक डोक्यात पक्का ठेवा. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत व्हायचा असतो, म्हणजे तुमच्या घरी कोणीतरी येईलच. दार उघडा, पाणी द्या, जे आहे ते दाखवा, सासूबाईंना बोलू द्या, आणि त्याआधी मालकांना कोइमतूरहून बोलावून घ्या, बाप हजर दिसणं फार महत्त्वाचं. शेवटचा आदेश मुलगी पहिल्यांदा समितीपुढं नेली त्या दिवसापासून चार महिन्यांत. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे, त्यामुळं तोवर मुलगी देखरेखीच्या अटीवर घरी द्या किंवा निदान तुमच्या आईच्या ताब्यात द्या असा अर्ज करता येतो. तारखेला एकदाही गैरहजर राहू नका. आणि भेटी जास्त मागा, तेही लेखी.

कुठल्याही कागदावर न वाचता सही नको. विशेषतः मूल समर्पित करण्याचा, म्हणजे मुलावरचा हक्क सोडून देण्याचा कागद! चुकून झालीच असेल तर फेरविचाराला दोन महिने असतात, लगेच वकिलाला गाठा. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायची नसतेच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. गुन्हा दाखल झाला असेल तर पोलिसांची कलम ३५ ची नोटीस येऊ शकते, ती आली तर टाळू नका, वकिलाला घेऊन हजर व्हा. अटकेची धास्ती असेल तर सेशन कोर्टात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. पैसे देऊन मिटवा म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका, असं मिटत नाही, उलट तुम्ही काहीतरी लपवताय असं दिसतं.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर १५१०० ला फोन करा. समितीचा आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील असतं, आणि हायकोर्टापर्यंत वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईच्या चकरा नाहीत.

गावातल्यांना मात्र उत्तर देत बसू नका. मुलीचं नाव, फोटो कुणी व्हॉट्सअॅपवर फिरवला तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, स्क्रीनशॉट ठेवा आणि वकिलाला द्या.

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले, ऊसतोडीला कराडकडं जातो. पोरं कोपीवर (फडाजवळच्या आमच्या झोपडीत) असतात, शाळा बुडते. शेजारी धमकी देतो की १०९८ ला, त्या मुलांच्या हेल्पलाइनला सांगून पोरं उचलायला लावतो. असं होतं का?

उत्तर : दादा, गरिबी म्हणजे हयगय नाही. चौकशी आली तरी आईबाप सोबत आहेत, पोरं जेवतात, आजारी पडली की दवाखान्यात नेता, एवढं दाखवता आलं पाहिजे. शाळेचं मात्र बघा, ती बाजू कच्ची आहे. निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाचं विचारा, आजी-आजोबांकडं मुलं राहून गावातच शाळा चालू राहते. ती सोय नसेल तर फडाजवळच्या शाळेत नाव घाला आणि तिथला दाखला जपून ठेवा.