लेकरांचं पान : नोंदणीचे वेगळे, साहित्याचे वेगळे, असं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातली. तालुक्याला एका सेतू केंद्रात कामाला जाते, घरची चार एकर शेती आहे. मुलगी पावणेदोन वर्षांची. आतापर्यंत सासूबाई सांभाळायच्या, पण गुडघ्यांमुळे आता त्यांना तिच्या मागे धावणं होत नाही. केंद्राजवळच एक पाळणाघर आहे. जागा स्वच्छ, बाई बोलायला चांगल्या. महिन्याची फी १,४०० सांगितली, ती मान्य. पण वर नोंदणी शुल्क ५०० आणि वर्षाचं साहित्य शुल्क ९००. म्हणजे पाय ठेवतानाच २,८००, तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. नोंदणीचे परत मिळणार नाहीत म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, "अंगणवाडीत तं रुपया घेत नाही, इथं कायचं डोनेशन घेऊन राह्यले?" महिन्याची फी देतोच आहोत, मग हे वरचे पैसे कशाचे? घासाघीस करावी का?
– एक आई, ता. दर्यापूर

उत्तर : सासूबाईंना आधी हे सांगा की पैसे अंगणवाडीतही लागतात, फक्त ते सरकार भरतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिथला आहार, वजनकाटा, सेविकेचं मानधन हे सगळं सरकारी तिजोरीतून येतं. मी स्वतः आधी सेविका होते, त्यामुळे ते मानधन किती आणि केव्हा यायचं हेही मला ठाऊक आहे, पण तो विषय आज नको. मुद्दा असा की अंगणवाडी काही तासांची असते. तुम्ही संध्याकाळी केंद्राचं शटर ओढून येईपर्यंत लेकरू सांभाळणं हे तिचं काम नाही. दिवसभराचं पाळणाघर म्हटल्यावर सरकारनेही थोडे पैसे लावलेच. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये, आईबापांची मिळून कमाई महिन्याला १२,००० पर्यंत असेल तर १०० आणि त्यापुढे २०० असे दर होते.

आणि हे डोनेशन नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी फीच्या वर उकळलेले पैसे, घ्यायला मनाई केली ती शाळांना. पाळणाघर म्हणजे शाळा नव्हे, त्यामुळे तो कायदा इथे दाखवून उपयोग होणार नाही.

आता तुमचे ५०० कुठे जातात ते बघू. मी आर्वीला पाळणाघर चालवते, तिथलंच सांगते. लेकरू यायच्या आधी त्याचा अर्ज भरायचा. जन्मदाखल्याची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, कशाची अॅलर्जी, झटका कधी आला होता का, गावातला डॉक्टर कोण, आईचा फोन लागला नाही तर कोणाला लावायचा, हे सगळं लिहून घ्यायचं. पहिले काही दिवस आई सोबत बसते, मग तास-दोन तास एकटं ठेवायचं. त्या दिवसांत एक मदतनीस त्या एकाच लेकरापाशी अडकते, कारण ते रडतं आणि ते रडलं की बाकीचेही सूर लावतात.

रजिस्टरात आणखी एक पान असतं, लेकरू नेणाऱ्यांच्या फोटोंचं. मागे एक दिवस चारच्या सुमारास एक जण गाडी लावून दारात उभा राहिला. "मी हिचा मामा." पोरगी त्याला पाहून हसलीसुद्धा. मदतनिसाने रजिस्टर उघडलं, तर फोटो फक्त वडिलांचा आणि आजीचा. आईला फोन लावला, लागेना. ती वावरात, तिकडे रेंज नाही. मामाला चहा दिला, खुर्ची दिली, लेकरू दिलं नाही. तो भयंकर तापला. "पोट्टी मले ओळखते ना बावा!" शेवटी आजीच चालत आल्या तेव्हा प्रकरण मिटलं. मामा खराच होता. पण ते पान तयार करणं, जपणं आणि अशा वेळी न बधणारी बाई कामावर ठेवणं, याला खर्च आहे, आणि त्याची सुरुवात लेकराचा पहिला दिवस उगवण्याआधी होते.

दुसरं कारण जागेचं. पाळणाघरात जागा म्हणजे खोली नव्हे, हात. मी वर सांगितलेल्या सरकारी योजनेत एक कार्यकर्ती, एक मदतनीस आणि जास्तीत जास्त २५ मुलं असा हिशेब होता. मला विचाराल तर दोन वर्षांखालची लेकरं असतील तर २५ हा आकडा कागदावरच बरा. एप्रिल-मे महिन्यात "ताई, आमची जागा धरून ठेवा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडच्या शाळा उघडतात (विदर्भाच्या उन्हामुळे आपलं सगळंच पुण्या-मुंबईच्या मागून), तोवर कोणी लेकराला आजोळी धाडलेलं असतं, कोणाची नणंद राहायला आलेली असते. तोंडी शब्दावर जागा धरली असती तर मी दोघी-तिघींना "जागा नाही" सांगून मोकळी झाले असते आणि मदतनिसाचा पगार मात्र तेवढाच राहिला असता. ५०० रुपये भरलेला माणूस येतो, आणि येणार नसेल तर निदान कळवतो. ते परत न देण्यामागे हेच कारण आहे, आणि आधी सांगितलेलं असेल तर ते मला गैर वाटत नाही. मात्र पाळणाघरानेच ऐनवेळी "आता घेता येत नाही" म्हटलं, तर पूर्ण रक्कम परत मिळाली पाहिजे. हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.

साहित्याचे ९०० म्हणजे महिन्याला ७५. त्यातला मोठा वाटा खेळण्यांवर जातो असं लोकांना वाटतं. तसं नाही. हात धुवायचा साबण, फिनाईल, पुसायची फडकी, शी-शूच्या जागचे रबरी कपडे, ओआरएसची पाकिटं, मलमपट्टी, यांतच बरेचसे पैसे संपतात. नंतर येतात रंग आणि कागद. पावणेदोन वर्षांचं लेकरू क्रेयॉनने चित्र काढतं हा आपला भ्रम आहे. ते आधी त्याचा कागद सोलतं, मग मोडतं, मग चाखतं. उरलेल्या तुकड्याने फरशीवर एक रेघ ओढतं आणि तीच पुसायला पुन्हा फिनाईल लागतं. त्यामुळे विषारी नसलेले, जरा महागातले रंग घ्यावे लागतात, आणि एक डबा किती टिकतो ते विचारूच नका.

तरी एक खरं. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा विलायती माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं यांतून साधनं उभी केली. आपल्याकडे तर चिंचोके, सीताफळाच्या बिया, पळसाची पानं फुकटच मिळतात. पण चिंचोका तीन वर्षांपुढच्याच मुलांच्या हाती द्यायचा, लहानगं तो नाकात घालतं. आणि गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी, कधीच नाही. फुकटचं साहित्य वापरणारी बाई हुशार असते, पण साबण काही झाडाला लागत नाही.

मग हे सगळं महिन्याच्या फीतच का घालत नाहीत? एक तर ही खरेदी जूनमध्ये एकदम होते, ठोक भावात. दुसरं, महिन्याची फी आपले लोक पूर्ण देत नाहीत. दिवाळीला आठ दिवस लेकरू घरी होतं, कापा. लग्नाला गेलो होतो, कापा. आणि तिसरं कारण कोणी सांगत नाही, मी सांगते : पाटीवर १,४०० लिहिलेलं १,५५० पेक्षा बरं दिसतं. काही जण एवढ्यासाठीच फी तोडून घेतात. त्यात फसवणूक असेलच असं नाही, पण दोन पाळणाघरांची तुलना करताना पाटी बघू नका, वर्षाची बेरीज करा.

पैसे भरण्याआधी बाईंना एवढं विचारा : ९०० घेतल्यावर घरून वेगळी यादी तर येणार नाही? डायपर, टॉवेल, बाटली घरूनच न्यायची असते, ते ठीक. पण साहित्य शुल्कही घ्यायचं आणि वर्गासाठी रंग, कागद, साबणही पाठवा म्हणायचं, हे दुहेरी झालं, तिथे स्पष्ट बोला. 'यलो डे', 'रेड डे'चे वेगळे पैसे मागितले तर माझ्या मते सरळ नाही म्हणा. तान्ह्या पोळ्याला घरातला लाकडी बैल द्या, त्यात लेकराला जास्त मजा येते. आणि लेकरू जानेवारीत आलं तर साहित्याचे पैसे अर्ध्यावरच यायला हवेत.

घासाघीस रकमेची करू नका, तारखेची करा. जूनमध्ये बियाणं, खत आणि पाळणाघर एकाच खिशातून निघत नाही, हे गावात राहणाऱ्या कोणत्याही बाईला समजतं. मी साहित्याचे ६०० घेते, अर्धे प्रवेशाला आणि अर्धे दिवाळीनंतर. तोवर सोयाबीन विकलेलं असतं, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला असतो. तुमच्या बाईंना असंच काहीसं सुचवून बघा : नोंदणी आणि पहिल्या महिन्याची फी आत्ता, साहित्याचे दिवाळीनंतर. म्हणजे आज १,९०० लागतील.

मुलीचं नाव अंगणवाडीतून काढू मात्र नका. तीन वर्षांपर्यंतचा घरपोच आहार, वजन, लसीकरण हे तिथूनच चालू राहू द्या. आणि पंचायत समितीत बालविकास प्रकल्प कार्यालयात एकदा चौकशी करा. २०२२ पासून केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती योजनेत 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना आहे, तुमच्या भागात असं केंद्र मंजूर असेल तर तिथेच कळेल.

प्रश्न : आमचा मुलगा पाळणाघरात दुसऱ्या वर्षी जाईल. नोंदणी शुल्क पुन्हा मागितलं आहे. अर्ज तर भरलेलाच आहे ना?
– एक वडील, ता. काटोल

उत्तर : अर्ज भरलेला आहे, म्हणून पूर्ण रक्कम मागणं मला पटत नाही. पण कोण राहणार आणि कोण जाणार हे बाईंना एप्रिलमध्येच कळायला हवं असतं, नाहीतर मदतनीस एक ठेवायची की दोन हे ठरत नाही. जागा टिकवण्यापुरती थोडी रक्कम रास्त आहे. मी जुन्या मुलांकडून निम्मी घेते आणि त्याच वेळी फोन नंबर, नेणाऱ्यांचे फोटो नव्याने घेते, कारण वर्षभरात नंबर बदललेले असतात. तुम्ही निम्म्याचा प्रस्ताव ठेवा आणि भावंड येणार असेल तर तेही आत्ताच सांगा, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या लेकराला सूट मिळते.